चंद्ररावाची बाजू

१२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमे चित्रपट भारतात लागला. मूळ चित्रकथा ज्यांनी वाचली होती त्यांना ठाऊक होतं की शेवटच्या अर्ध्या तासात आपल्याला एका खुन्यासाठी रडू येणार आहे. तरी ते गेले. किंबहुना त्यासाठीच गेले.

त्या खुन्याचं नाव अकाझा. माणसं खाणाऱ्या राक्षसांच्या फौजेतला अगदी वरच्या फळीतला. आधीच्या एका चित्रपटात त्यानं रेंगोकू नावाच्या उमद्या तलवारबाजाला मारलं, आणि मारण्याआधी त्याला कळकळीनं विनवलं, की राक्षस हो, म्हणजे मरणार नाहीस, असाच कायम बलवान राहशील. दुबळ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. मग या चित्रपटात त्याचं माणूसपण उलगडतं. तेव्हा तो हाकुजी होता. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करायचा, पकडला जायचा, मार खायचा, हातावर चोराचे पट्टे गोंदवून घ्यायचा. पोरानं आपल्यापायी चोर व्हावं हे न सोसून बापानं गळफास घेतला. पुढे केइझो नावाच्या एका भल्या गुरूनं त्याला घरी नेलं, आजारी मुलीची शुश्रूषा सोपवली; ती मुलगी, कोयुकी, बरी झाली आणि दोघांचं लग्न ठरलं. ही बातमी बापाच्या थडग्यावर सांगायला तो गेला होता, तेवढ्यात शेजारच्या वैरी आखाड्यानं विहिरीत विष कालवलं. गुरू गेला, कोयुकी गेली. हाकुजीनं त्या आखाड्यातली ६७ माणसं नुसत्या हातांनी मारली. राक्षस तो त्यानंतर झाला, आणि झाला तेव्हा हे सगळं विसरला.

कोयोहारु गोतोगे यांनी ही कथा २०१६ ते २०२० या काळात लिहिली आणि चितारली. तिच्यातला प्रश्न मात्र जुनाच आहे. माणसाचं दुःख कळल्यावर त्याचा गुन्हा हलका होतो का? आणि होत नसेल, तर ते दुःख ऐकायचं कशासाठी?

मराठी पडद्याला, किंवा मराठी इतिहासावरच्या हिंदी पडद्याला, हा प्रश्न सहसा पडत नाही. २०२० च्या ‘तान्हाजी’मध्ये उदयभान येतो तो क्रौर्याची हौस असलेला, जवळजवळ वेडसर खेळिया म्हणून. सैफ अली खाननं तो झोकात रंगवला, पण कोंढाण्यावरचा तो राजपूत किल्लेदार कोण होता, मोगलांच्या चाकरीत कसा आला, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री त्यानं तिथं लढून मरण्यात आपल्या परीनं कोणतं कर्तव्य बजावलं, याच्याशी पटकथेला देणंघेणं नाही. २०२५ च्या ‘छावा’त गणोजी आणि कान्होजी शिर्के फितूर म्हणून आले, तेव्हा शिर्क्यांच्या आजच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. वंशजांचा राग समजण्याजोगा आहे. मात्र त्या वादात, शिर्क्यांना तसं वागावंसं का वाटलं असेल, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी फारसा कोणी विचारला नाही. एक बाजू म्हणाली फितूर, दुसरी म्हणाली फितूर नव्हेतच. मधली जागा मोकळी राहिली.

तान्हाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. तिथून महाडकडे उतरावं, सावित्रीच्या काठानं जावं, तर हा सगळा मुलूख अशा मधल्या जागांनी भरलेला दिसतो. वर आंबेनळी घाट, त्याच्यापलीकडे जावळीचं खोरं आणि प्रतापगड. खाली महाड, आणि महाडच्या डोक्यावर रायगड. मराठ्यांच्या राजधानीचा हा डोंगर १६५६ पर्यंत रायरी होता आणि मोऱ्यांचा होता. ६ जून १६७४ ला जिथं राज्याभिषेक झाला, तिथं त्याआधी अठरा वर्षांपूर्वी एक माणूस वेढ्यात अडकून बसला होता. त्याचं नाव यशवंतराव मोरे, पदवी चंद्रराव.

जावळीच्या गादीवर बसेल तो चंद्रराव. हा किताब विजापूरच्या आदिलशाहीचा. गादी पिढ्यान्‌पिढ्यांची, रान किर्र, घाट अवघड. देशावरून कोकणात उतरणारा पार घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती महाडच्या बंदरापर्यंतचा माल आणि त्याची जकात. विजापूरचे सुभेदारसुद्धा मोऱ्यांना सांभाळूनच असत. वाईच्या सुभ्यावर आलेल्या अफझलखानाचाही जावळीवर डोळा होता.

१६४० च्या दशकात दौलतराव मोरे निपुत्रिक वारले. त्यांच्या बाईंनी शिवथरच्या मोऱ्यांमधून यशवंतरावाला दत्तक घेतलं. शिवथर आजच्या महाड तालुक्यात. तिथल्याच घळीत पुढे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला असं मानतात. म्हणजे चंद्रराव हा कुठला परका नव्हे, या मुलखाचाच माणूस. आणि त्याला गादीवर बसायला मदत केली ती तरुण शिवाजीराजांनी. इथवर गोष्ट मैत्रीची आहे.

मग ती बिघडली. बिरवाडीच्या पाटीलकीचा वाद झाला. गुंजण मावळातल्या देशमुखीत मोऱ्यांनी हात घातला. पुण्याकडून गुन्हा करून पळालेल्या रंगो त्रिमळ वाकड्याला चंद्ररावानं जावळीत आसरा दिला. एकेक तक्रार किरकोळ वाटते. पण त्या ओळीनं लावल्या की दिसतं ते असं : दोन सत्ता एकाच मुलखावर न्याय द्यायला बसल्या होत्या, आणि दोघांनाही वाटत होतं की खरा न्यायाधीश आपणच. मोऱ्यांच्या बखरीत दोघांमधला खोचक पत्रव्यवहार दिला आहे. राजेपण तुम्हाला दिलं कोणी, आम्हाला तर बादशहानं दिलं, असा चंद्ररावाचा सूर. ती पत्रं अस्सल आहेत की नाहीत याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पत्रं बनावट निघाली तरी सूर बनावट वाटत नाही.

चंद्ररावाच्या जागी उभं राहून पाहिलं तर? त्याच्या घराण्याचं इमान विजापूरशी. समोरचा माणूस पुण्याच्या जहागीरदाराचा मुलगा. आणि तो जहागीरदार, शहाजीराजे, याच काळात कर्नाटकात त्याच आदिलशाहीच्या चाकरीत होते. म्हणजे चंद्रराव जे करत होता ते शिवाजीराजांचे वडीलही करत होते. स्वराज्य नावाची गोष्ट पुढे किती मोठी होणार हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला कुठून ठाऊक असणार? त्याला दिसत होता एक धडाडीचा शेजारी, जो आज गादी मिळवून देतो आणि उद्या त्या गादीनं आपलं ऐकावं असं म्हणतो.

१६५६ च्या जानेवारीत जावळी पडली. चंद्रराव निसटून रायरीवर गेला. वेढा काही महिने चालला. उन्हाळ्यात, हैबतराव सिळिंबकरांच्या मध्यस्थीनं, तो खाली उतरला. त्याला मारलं नाही, जवळ ठेवून घेतलं. पुढे त्यानं मुधोळच्या घोरपड्यांशी गुपचूप पत्रव्यवहार चालवल्याचं उघड झालं आणि त्याची गर्दन मारली गेली. ज्या बाजी घोरपड्यानं १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात पुढाकार घेतला, त्याच्याच घराकडे चंद्ररावानं हात पसरला होता. राजांच्या रागाचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

ही झाली एक हकीकत. दुसरी सभासदाची. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तिच्यात वेढा नाही, क्षमा नाही. चंद्ररावाला मारल्याशिवाय राज्य साधत नाही असं महाराजांना वाटलं. रघुनाथ बल्लाळ थोडी माणसं घेऊन बोलणी करायच्या मिषानं गेला आणि त्यानं चंद्रराव व त्याचा भाऊ सूर्यराव यांना मारलं. जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या इंग्रजी शिवचरित्रात हीच हकीकत धरली आणि तिला सरळ खून म्हटलं. मराठी इतिहासकार उसळले. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीकडे त्यांनी बोट दाखवलं. तिच्यात जावळी घेतली, रायरी घेतली अशा नोंदी आहेत, दग्याची नाही. पुराव्याच्या तराजूत पहिल्या हकीकतीचं पारडं जड आहे, असं आज बहुतेक मानतात.

या वादातली एक गंमत मात्र नजरेआड होते. सभासद काही महाराजांचा निंदक नव्हता. तो त्यांच्या पदरी वाढलेला माणूस, आणि त्यानं ही हकीकत अभिमानानं लिहिली. त्याच्या दृष्टीनं तो युक्तीचा विजय होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लाज वाटली ती विसाव्या शतकाला. आपल्या नायकानं शत्रूला मारताना तळहातावर डाग पडू नये, ही अपेक्षा सतराव्या शतकातल्या लोकांची नसून नंतरच्यांची आहे.

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचे हे कर्ते, मूळचे नेवाशाचे. शिवरायांचं चरित्र त्यांनी पुराणाच्या थाटात गायलं. म्हणून त्यांच्या काव्यात राजा विष्णूचा अंश आणि शत्रू कलीच्या बाजूचे असुर. दरबारी कवीकडून आणखी कशाची अपेक्षा करणार? पण याच काव्यात अफझलखान महाराजांना पत्र धाडतो आणि त्यात आरोपांची यादीच देतो. त्या यादीत चंद्ररावाचं राज्य बळानं घेतल्याचा आरोप आहे. परमानंदांना तो गाळता आला असता. असुराच्या तोंडी का होईना, त्यांनी तो ठेवला. शत्रूला बोलू दिल्यानं काव्य बिघडत नाही, हे या कवीला पक्कं ठाऊक होतं. (शिवभारताची स. म. दिवेकरांनी सिद्ध केलेली मराठी भाषांतरासह आवृत्ती छापून आली १९२७ मध्ये. त्याच वर्षी महाडला आणखी काय घडलं त्याकडे यायचं आहेच.)

जावळीच्या प्रकरणातली दोन माणसं चंद्ररावापेक्षाही गुंतागुंतीची आहेत.

एक संभाजी कावजी. हणमंतराव मोऱ्याला मारण्याची कामगिरी बखरीत त्याच्या नावावर आहे. प्रतापगडाखाली अफझलखानाची पालखी उचलून पळणाऱ्या भोयांचे पाय तोडणारा आणि खानाचं शिर आणणारा तोच. पुढे हाच संभाजी कावजी मोगलांना मिळाला आणि महाराजांच्याच माणसांच्या हातून मारला गेला. शाळेच्या पुस्तकात तो प्रतापगडापर्यंत असतो, नंतर गायब होतो. ज्या प्रसंगासाठी त्याला शाबासकी मिळाली, तो त्याच्या मनात कधी सलला का, हे विचारायला आता कोणी उरलं नाही.

दुसरे मुरारबाजी देशपांडे. महाडकडचे प्रभू. परंपरा सांगते की जावळीच्या लढाईत ते मोऱ्यांच्या बाजूनं लढले, शिवाजीराजांच्या माणसांवर तलवार चालवली. मोऱ्यांचा पाडाव झाल्यावर ते स्वराज्यात आले. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखानानं पुरंदरला वेढा घातला तेव्हा किल्ला लढवत होते ते मुरारबाजी. एप्रिलमध्ये शेजारचा वज्रगड पडला. मग मुरारबाजी सातशे निवडक माणसं घेऊन दिलेरखानाच्या छावणीवर तुटून पडले. सभासद सांगतो की त्यांचा आवेश पाहून खानानं कौल देऊ केला : मला मिळ, तुला मोठं करतो. मुरारबाजींनी तो झिडकारला आणि ते लढता लढता पडले.

आता विचार करा. १६५६ मध्ये या माणसानं पक्ष बदलला. १६६५ मध्ये पक्ष बदलायला नकार देऊन जीव दिला. पहिल्या बदलाला आपण शहाणपण म्हणतो, दुसऱ्या नकाराला इमान. दोन्ही एकाच माणसात कशी बसवायची?

आजच्या कादंबरीकाराला विचारलं तर तो म्हणेल, मुरारबाजींना स्वराज्याचं मोल पटलं होतं. असेलही. पण सतराव्या शतकाच्या चाकरीच्या धर्मात यापेक्षा साधं उत्तर सापडतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याची गादी उभी आहे तोवर त्याच्यासाठी लढायचं. ती मोडली की बंधन सुटलं. जावळीची गादी मोडली होती. पुरंदरच्या वेळी धनी जिवंत होता, राज्य उभं होतं. या हिशेबानं मुरारबाजी दोन्ही वेळा एकच नियम पाळत होते, आणि त्यांच्या मनात कसलंही द्वंद्व असण्याची गरज नाही. अडचण इतकीच, की याच नियमानं चंद्रराव निर्दोष ठरतो. त्याची विजापूरची गादी तर १६५६ मध्ये चांगली धडधाकट होती. रायरीवरून उतरल्यावर त्यानं कोणती शपथ घेतली, आणि ती त्याच्या लेखी जुन्या शपथेपेक्षा वरचढ होती का, यावर सगळं अडतं. एकच नियम एकाला वीर करतो आणि दुसऱ्याला गर्दन मारण्याच्या लायकीचा.

ॲनिमेनं इथं तीन भाग खर्च केले असते. जावळीची राख, जुन्या सोबत्यांची प्रेतं, नव्या धन्यासमोर वाकताना न वाकणारी मान. कागदपत्रांत यातलं काही नाही. मुरारबाजींच्या मनात काय होतं हे फक्त त्यांच्या हातांवरून कळतं, म्हणजे त्यांनी काय केलं आणि काय करायचं नाकारलं यावरून. कदाचित तेवढं पुरेसं आहे.

शत्रूच्या मनात डोकावण्याची भारतीय परंपरा पडद्याइतकी दरिद्री नाही. भागवतातले जय आणि विजय हे विष्णूचे द्वारपाल शापानं खाली येतात. भक्त म्हणून अनेक जन्म की शत्रू म्हणून थोडेच, अशी निवड त्यांच्यापुढे असल्याचं कथेकरी सांगतात, आणि ते शत्रुत्व निवडतात, कारण त्या वाटेनं घर लवकर येतं. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात हाच धागा पकडला : गोपी प्रेमानं पोहोचल्या, कंस भयानं, शिशुपाल द्वेषानं. नेवाशाला सांगितलेल्या ग्रंथातलं हे औदार्य नेवाशाच्याच परमानंदांना अनोळखी असणार नाही. शिवथरच्या घळीतल्या समर्थांचा सूर निराळा. राजकारणाच्या समासांत ते सांगतात की उद्धटासमोर उद्धटच उभा करावा. मराठी मनात हे दोन्ही ग्रंथ एकाच फळीवर असतात, आणि जावळीसारखा प्रसंग आला की दोन्ही एकदम उघडतात.

पण या विरोधभक्तीत, म्हणजे वैरातून देव गाठण्यात, एक गोम आहे. तिथं खलनायकाला मोक्ष मिळतो तो त्यानं काही बदललं म्हणून नव्हे. शिशुपाल शेवटपर्यंत शिव्याच देतो. त्याला तारतं ते त्याच्या द्वेषाचं लक्ष्य, कारण ते लक्ष्य साक्षात देव आहे. साध्या माणसाचा द्वेष केला असता तर तो कुठंच पोहोचला नसता. ही सोय चंद्ररावाला मिळू शकते, परमानंदांनी राजाला विष्णूचा अंश केलंच आहे. रोजच्या आयुष्यातल्या खलनायकाला ती मिळत नाही.

त्याच्यासाठी अंगुलिमालाची गोष्ट अधिक कामाची. पाली मज्झिमनिकायात ती येते. कोसल देशात लोकांना मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर, बुद्धाच्या मागे तो धावतो, त्याला गाठता येत नाही, ओरडतो, थांब. बुद्ध म्हणतो, मी थांबलोच आहे, तू थांब. तो थांबतो, भिक्खू होतो. नंतर भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारतात, डोकं फोडतात, पात्र फोडतात. तो रक्तबंबाळ परततो तेव्हा बुद्ध त्याला सांगतो, सोस. हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. बुद्धानं त्याला स्वीकारलं, पण गावाला क्षमा करायला सांगितलं नाही.

आणि मौज अशी, की मूळ सुत्तात अंगुलिमालाला मागची गोष्टच नाही. तो दरोडेखोर का झाला हे सांगितलेलं नाही. तक्षशिलेचा हुशार विद्यार्थी, मत्सरी सहाध्यायी, गुरूनं मागितलेली हजार बोटांची दक्षिणा, हे सगळं नंतरच्या अट्ठकथांनी, म्हणजे भाष्यग्रंथांनी, जोडलं. बुद्धाला त्याची गरज भासली नाही, श्रोत्यांना भासली. वाईट माणूस मुळात चांगला होता हे कळल्याशिवाय त्याच्यावर दया करायला आपलं मन धजत नसावं. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पतित आणि गुन्हेगारांच्या दीक्षेच्या प्रकरणात अंगुलिमालाला जागा दिली, आणि तिथंही तो एक दरोडेखोर म्हणूनच येतो.

अकाझाचा शेवटही याच मापानं मोजता येईल. त्याचं मुंडकं उडतं, तरी शरीर लढतच राहतं, नवं डोकं उगवू पाहतं. तेवढ्यात त्याला हाकुजी आठवतो, आणि ज्या दुबळ्याचा आपण इतकी वर्षं द्वेष केला तो दुबळा आपणच होतो हे कळतं. तो स्वतःचाच प्रहार स्वतःवर करतो. त्याची कहाणी प्रेक्षकांना रडवते, पण त्याला राक्षसपणातून सोडवतो तो हा प्रहार. विहिरीतलं विष आठवूनही तो लढत राहिला असता तर कहाणी तितकीच करुण आणि तो तितकाच राक्षस राहिला असता. तांजिरो, त्याचा शत्रू, त्याच्यासाठी हळहळतो. तलवार मात्र आधीच चालवून झालेली असते.

दया आणि तलवार अशी एकाच हातात ठेवणं अवघड आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. मेल्यावर वैर संपलं, असं रामानं रावणाबद्दल म्हटलं तसं इथं मानलं गेलं. त्या कबरीभोवती पुढे वाढलेली अनधिकृत बांधकामं १० नोव्हेंबर २०२२ रोजी, शिवप्रतापदिनी, प्रशासनानं पाडली. कबर राहिली, तिच्यावरून होणारे वादही राहिले.

इथवर जे आले ते सगळे एकटे, ठसठशीत, नावानिशी ओळखता येणारे विरोधक. ॲनिमेला असेच आवडतात, बखरींनाही. पण महाडनं १९२७ मध्ये वेगळ्या प्रकारचा खलनायक पाहिला, आणि त्याच्यापुढे अकाझाचं सूत्र तोकडं पडतं.

मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. ठराव वहीत राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्या वेळानं अफवा उठली की ते आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. गावातली माणसं लाठ्या घेऊन निघाली आणि घरी परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या लोकांना त्यांनी मारलं. प्रतिहल्ला करायचा नाही, ही आंबेडकरांची सूचना त्यांच्या माणसांनी पाळली. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

द्वंद्वात सापडलेला विरोधक शोधायचाच झाला तर तो ही नगरपालिका. आधी हो म्हणाली, मग गप्प राहिली, मग नाही म्हणाली. पण तिच्या बापानं गळफास घेतला नव्हता, तिच्या विहिरीत कोणी विष घातलं नव्हतं. लाठ्या घेऊन निघालेल्यांचंही तेच. त्यांतला प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा, भाऊ, शेजारी असणार, आणि त्या दिवशी त्यांना आपण धर्माचं काम करतोय असंच वाटत असणार. एकेकट्याची कहाणी कितीही उलगडली तरी जमावाचा उलगडा होत नाही.

उलट बाजूला अशी माणसं होती ज्यांनी पक्ष बदलला आणि त्याची कहाणी केली नाही. नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस तळ्याच्या सत्याग्रहाच्या बाजूनं उभे राहिले. अनंतराव चित्रे होते. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला जागा मिळू नये म्हणून गाव आडवं आलं, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्ध्यांनी, जे जन्मानं ब्राह्मण होते. ज्यांच्या बाजूला जन्मले ती बाजू त्यांनी सोडली. मुरारबाजींप्रमाणे त्यांचीही मनं त्यांनी काय केलं त्यावरूनच वाचावी लागतात.

विरोधकांनी आपली मागची गोष्ट सांगितली, पण ती न्यायालयात. १९२७ च्या डिसेंबरात, दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, महाडच्या काही सनातनी रहिवाशांनी डॉ. आंबेडकर आणि सहकाऱ्यांवर दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. सत्याग्रहींना तळ्यावर न जाता परतावं लागलं. वादींचं म्हणणं असं की या तळ्यावर अस्पृश्यांनी न जाण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे. मग वहिवाट किती जुनी, तळं कुणाचं, साक्षीदार कोण, कागद कुठले, हे सगळं जवळपास दहा वर्षं चाललं. खालच्या न्यायालयांत वादी हरले आणि मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. वहिवाट अनादि असल्याचं वादींना सिद्ध करता आलेलं नाही, असं न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी म्हटलं आणि अपील फेटाळलं.